क्रँकला टवके का पडतात आणि ते कसे टाळायचे

नवी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन माणूस पहिल्यांदा टेकडीवर जाऊन येतो, सायकल धुतो, फडक्यानं पुसतो आणि तेव्हा त्याचं लक्ष जातं. डाव्या क्रँकच्या टोकाला, पेडल बसतं त्याच्या जरा खाली, काळा रंग उडून आतला पांढरा धातू चमकत असतो. फ्रेमवर ओरखडा आला तर तो लगेच खुपतो. क्रँककडे मात्र सहसा कुणी वाकून बघत नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नव्यानं आलेल्या बऱ्याच जणांनी मला हा टवका दाखवून एकच प्रश्न विचारलाय, "असं चालेल ना?" बहुतेक वेळा चालतं, पण काही वेळा अजिबात चालत नाही. हा फरक तुमचा तुम्हाला ओळखता यावा आणि मुळात टवकेच कमी पडावेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

क्रँक म्हणजे बीबीच्या (फ्रेमच्या तळाशी दोन पेडलांच्या मधोमध असलेल्या बेअरिंगच्या) आसापासून पेडलपर्यंत जाणारा दांडा. डावा एक, उजवा एक, आणि उजव्याला चेनरिंग, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चक्र, जोडलेलं. मोठ्यांच्या सायकलींवर त्याची लांबी साधारण १६५ ते १७५ मिमी असते. दगडी उतारावर तुम्ही सीटवरून उठता तेव्हा तुमचं जवळजवळ सगळं वजन या दोन दांड्यांवर असतं. म्हणून क्रँकचा टवका मी दिसण्याचा प्रश्न मानत नाही. त्याच्याकडे मी ब्रेकच्या वायरसारखं बघतो.

मार नेमका कुठे बसतो

काही विकत घ्यायच्या आधी सायकलीशेजारी जमिनीवर बसा आणि क्रँक हातानं सावकाश फिरवत नीट बघा. काही राइड झालेल्या सायकलीवर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा सापडतील. तिन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

पहिली खूण टोकाची. इथे दगडाची सरळ ठोकर बसते. एमटीबीत बीबीची उंची जमिनीपासून साधारण ३३५ मिमी धरू. क्रँक सरळ खाली असताना त्यातून त्याचे १७० मिमी वजा केले की पेडलचा आस जमिनीपासून १६५ मिमीवर राहतो. क्रँकचं टोक या आसाच्या मध्याच्याही खाली साधारण दीड सेंटीमीटर उतरतं. आजकालची पातळ फ्लॅट पेडलं आसाखाली एवढी जागा घेत नाहीत, त्यामुळे पाय सपाट असताना क्रँकचं टोक पेडलपेक्षाही खाली असतं. उरले १५० मिमी. सायकल फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना शॉक असलेली) असेल तर तुम्ही बसल्यावर ती आणखी ३-४ सेंटीमीटर खाली दबते. म्हणजे दगडासाठी जेमतेम ११-१२ सेंटीमीटर जागा उरली, वीतभरसुद्धा नाही. सह्याद्रीच्या कुठल्याही वाटेवर एवढ्या उंचीचे धोंडे पावलापावलावर असतात.

दुसरी खूण बाहेरच्या बाजूची. तिथे टवका नसतो, रंग घासून गेलेला असतो. ती बुटाची करणी. टाच थोडी आत वळवून पेडल मारायची सवय अनेकांना असते. नुसत्या रबराच्या घासण्यानं फारसं काही होत नाही. पण बुटाला धूळ चिकटलेली असते आणि दर फेऱ्याला ती पॉलिश पेपरसारखी फिरते. मिनिटाला ७०-८० फेरे धरले तर दोन तासांत आठ-नऊ हजार वेळा तोच कोपरा घासला जातो.

तिसरी खूण क्रँकच्या कडांवर आणि आतल्या बाजूला, बारीक ठिपक्यांची. पुढचं चाक खडी उडवतं, ती येऊन डाऊन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) आणि क्रँकच्या कडेवर आपटते. कधी एखादा खडा क्रँक आणि फ्रेममध्ये अडकून चरा पाडतो. उजव्या बाजूला चेन उतरून क्रँक आणि चेनरिंगच्या मध्ये गेली, तर ती एका झटक्यात खोल खाच पाडते.

हे सगळं इतक्या सहज का होतं, हेही समजून घेऊ. बहुतेक क्रँक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांवरचा काळा थर बरेचदा ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं धातूवरच तयार केलेला, असतो. हा थर स्वतः फार कडक असतो, पण केसाच्या जाडीपेक्षाही पातळ, आणि खालचं ॲल्युमिनियम त्या मानानं मऊ. गादीवर काच अंथरावी तसा हा प्रकार आहे. आपल्याकडचा काळा बेसाल्ट ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. त्याच्या धारदार कोपऱ्यानं खालचा धातू दबला की वरची काच तडकून उडते. नदीतल्या गोट्यानं एवढं नुकसान होत नाही. पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या बाजूला फुटलेल्या दगडाच्या कडा कशा असतात, ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको.

आधी धुवा, मग तपासा

ही पायरी कुणी गाळू नये. अनेक जण क्रँकला लावायची पारदर्शक फिल्म किंवा त्याच्या टोकावर चढवायचे रबरी बूट आणतात आणि धूळ पुसून थेट वर चढवतात. आत आधीच तडा गेलेला असेल तर आपण तो झाकून ठेवला, एवढंच होतं.

पेडलं काढा. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात. नवखे इथे हमखास चुकतात आणि जोर लावून आटे खराब करतात. लक्षात ठेवायला सोपं: पाना पेडलवर लावून त्याचा दांडा वरच्या दिशेला ठेवा आणि तो मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच लागू पडतं. पेडल अनेक महिने काढलंच नसेल तर घट्ट बसलेलं असेल. क्रँकच्या भोकात गंजविरोधी स्प्रेचे दोन थेंब सोडून तासभर थांबा. चेन मोठ्या चेनरिंगवर ठेवा, म्हणजे पाना निसटला तरी दातांनी हात कापणार नाही.

मग साध्या भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं दोन्ही क्रँक धुवा. पेडलच्या भोकाभोवती, बोल्टांच्या खाचांत आणि चेनरिंगचे हात (त्याला धरणारे फाटे) जिथे क्रँकला मिळतात त्या कोपऱ्यात चिकटलेला काळा थर पूर्ण निघाला पाहिजे. प्रेशर वॉशरचा झोत बीबीवर सरळ मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं.

वाळल्यावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. प्रकाश समोरून पाडला की चीर दिसत नाही, बाजूनं पाडला की तिची सावली उठते. तीन जागा विशेष बघा: पेडलच्या भोकाची कड, क्रँकचा बीबीकडचा जाड भाग, आणि उजवीकडे चेनरिंगचे हात फुटतात तो सांधा. एखादी रेघ दिसली तर तिच्यावरून आडवं नख फिरवा. ओरखडा असेल तर तो कुठेतरी सुरू होऊन कुठेतरी संपतो आणि त्याचा तळ दिसतो. चीर केसासारखी बारीक असते, तिचा तळ दिसत नाही, आणि पुसल्यावर थोड्या वेळानं त्यातून काळपट ओल पुन्हा वर येते. अशी चीर ॲल्युमिनियमच्या क्रँकवर दिसली तर तो क्रँक संपला. वेल्डिंग नको, चिकटवणं नको, "घरापर्यंत जाऊन बघू" हेही नको.

एवढं ठाम का सांगतोय? लोखंड एका ठरावीक मर्यादेखालचा ताण वर्षानुवर्षं सोसतं. जुन्या काळ्या सायकलींचे कॉटर पिनवाले लोखंडी क्रँक पोचे पडून, गंज चढूनही दुधाचे कॅन वाहत राहिले ते त्यामुळे. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. प्रत्येक फेऱ्यानं त्याचं आयुष्य थोडं खर्च होतं, आणि खोल खाच असेल तर सगळा ताण त्या खाचेच्या तळाशी एकवटतो. तडा तिथून सुरू होतो आणि दिसत नाही तोवर वाढत राहतो. शेवटी तुम्ही उभं राहून जोर लावता तेव्हाच क्रँक तुटतो.

जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं २०१२ ते २०१९ या काळात बनलेल्या ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस रोड क्रँकसाठी तपासणी मोहीम जाहीर केली. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्यात सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक होते. हे क्रँक आतून पोकळ असतात, त्यांचे दोन भाग चिकटवून जोडलेले असतात, आणि तो जोड सुटण्याचा धोका होता. असा क्रँक तुमच्याकडे आला असेल तर फिल्म लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूची जोडरेघ तपासा, आणि शंका आली तर अधिकृत दुकानात दाखवा.

कार्बनचा क्रँक असेल तर तपासणी वेगळी. एक रुपयाच्या नाण्यानं टोकापासून बीबीपर्यंत हळूहळू टकटक करत जा. आवाज सगळीकडे एकसारखा, टणक यायला हवा. मध्येच एखाद्या ठिकाणी तो बसका, ओल्या लाकडासारखा आला तर आतले थर सुटले असण्याची शक्यता धरा. पेडल ज्यात बसतं ती धातूची चकती कार्बनमध्ये चिकटवलेली असते. तिच्याभोवती बारीक वर्तुळाकार भेग दिसते का, पेडल हलवल्यावर ती किंचितही सरकते का, ते बघा.

फिल्म: बुटाच्या घासण्यावर आणि खडीवर

कारवर लावतात ती पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) सायकलीवरही उत्तम चालते. पॉलियुरेथेनची ही फिल्म साधारण ०.२ मिमी जाड असते आणि रबरासारखी ताणली जाते. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूनं झिजू नयेत म्हणून ज्या जातीची टेप वापरात आली, तिचंच हे भावंड. म्हणून सायकलवाले अजूनही तिला हेलिकॉप्टर टेप म्हणतात. सायकलीसाठी कापून तयार केलेले संच परदेशातून मागवता येतात, पण ते महाग पडतात आणि नवख्याला त्यांची गरज नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात कार डिटेलिंगची दुकानं आहेत. तिथे कारच्या दरवाजाला फिल्म लावून झाल्यावर हातभर कात्रणं उरतात. जाऊन नीट विचारलं तर ती बहुतेक वेळा थोडक्या पैशांत मिळतात. दोन क्रँकना पुस्तकाच्या पानाएवढा तुकडा पुरतो. तुमचा क्रँक मॅट असेल तर मॅट फिल्मच मागा, नाहीतर चकचकीत ठिगळ दिसेल.

आधी साचा करा. क्रँकच्या बाहेरच्या बाजूवर रंगारी वापरतात ती मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवा आणि पेन्सिलनं कडेची रेघ मारून घ्या. मग ती टेप अख्खी उचलून फिल्मच्या कागदावर चिकटवा आणि कापा. कड क्रँकच्या धारेपर्यंत नेऊ नका, दीड-दोन मिमी आत ठेवा, कारण धारेवरची फिल्म पहिल्याच राइडला उचलली जाते. कोपरे नाण्याच्या कडेसारखे गोल कापा. टोकदार कोपऱ्याखाली माती शिरते आणि तो आठवड्यात सुटतो. पेडल क्रँकवर टेकतं तो गोल भाग आणि डाव्या क्रँकचे आवळायचे बोल्ट मोकळे राहिले पाहिजेत.

क्रँक पुन्हा एकदा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते आयपीए म्हणून मिळतं. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका. रंग जातो आणि कार्बनवरचा संरक्षक थर खराब होतो. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे तीन-चार थेंब टाकून स्प्रेच्या बाटलीत भरा. बोटं, क्रँक आणि फिल्मची चिकट बाजू, तिन्ही ओली करा. ओली असेपर्यंत फिल्म सरकते, त्यामुळे ती शांतपणे जागेवर आणता येते. इथे घाई करायची नाही.

जागेवर आली की मधोमध अंगठ्यानं दाबा आणि जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून मधून बाहेरच्या दिशेनं पाणी काढत जा. क्रँक दोन्ही दिशांना गोलवट असतो, त्यामुळे कडेला सुरकुती येणारच. तिथे हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून काही सेकंद फिरवा, फिल्म मऊ होते, ती किंचित ताणून दाबा. कार्बनवर हीट गन चालवू नका. आत बारीक धुरकट बुडबुडे राहिले तर अस्वस्थ होऊन फिल्म उपटू नका. पाण्याचे बुडबुडे दोन-तीन दिवसांत आपोआप जातात. हवेचा मोठा फुगा मात्र सुईनं टोचून दाबावा लागतो. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी कडा पुन्हा गरम करून दाबा, आणि पुढचे दोन दिवस सायकल धुऊ नका.

चांगल्या पीपीएफवरचे बारीक ओरखडे उन्हात किंवा कोमट पाण्यानं पुसटही होतात. पण तिच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा. बूट, खडी, धूळ यांना ती पुरून उरते. टोकावर सरळ दगड बसला तर फिल्म फाटते आणि खालचा धातूही दबतो.

टोकाचे रबरी बूट

टोकासाठी वेगळं साधन आहे: क्रँकच्या टोकावर चढवायचे रबराचे किंवा सिलिकॉनचे बूट. रेसफेस आणि स्रॅम यांसारख्या कंपन्या आपापल्या क्रँकच्या आकाराप्रमाणे ते बनवतात. सगळ्यांना एकच माप बसत नाही. सैल बूट अजिबात नसावा, म्हणून विकत घेताना क्रँकच्या आतल्या बाजूला छापलेला मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवा.

बसवायला पाच मिनिटं लागतात. पेडल काढलेलंच आहे. बूट आतून कोरडा करा आणि टोकावर चढवा, भोक भोकाला जुळवा. मग पेडलच्या आट्यांना ग्रीस लावून ते हातानं फिरवत आत न्या. सुरुवातीचे चार-पाच फेरे पाना लावूच नका. हातानं जात नसेल तर आटे तिरके बसतायत, मागे काढून पुन्हा सुरुवात करा. पेडलचा खांदा आणि क्रँक यांच्या मध्ये बुटाचं रबर चिमटलं जाता कामा नये. रबर मध्ये आलं तर पेडल आवळल्यासारखं वाटतं आणि महिनाभरात ढिलं होतं, मग आटे खातं. काही कार्बन क्रँकना पेडलसोबत पातळ वॉशर सांगितलेला असतो, तो गाळू नका. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटर एवढं आवळा. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) नसेल तर हाताएवढ्या लांब पान्यावर चांगला जोर, पण अंग झोकून नाही.

बुटाबद्दलचं माझं मत एका जुन्या कार्बन क्रँकनं घडवलं. तो मी वापरलेला घेतला, एका पावसाळ्यानंतर. बाहेरून बूट अगदी स्वच्छ होते, विकणाऱ्यानं ते धुऊन दिले होते. घरी बूट उपसले तर आतून लालसर चिखलाची ओली चकती निघाली, गंधासारखी मऊ. खालच्या कार्बनवर, जिथे बुटाची वरची कड टेकत होती, तिथे क्रँकभोवती करगोट्यासारखी एक गोल रेघ पडली होती. वरचा पारदर्शक थर पार गेलेला, आणि नख लावलं की विणलेल्या धाग्यांचा खरखरीतपणा जाणवत होता. दगडानं त्या क्रँकला कुठेही इजा केली नव्हती. इजा केली होती ती संरक्षणासाठी घातलेल्या बुटानं, कारण तो कधी काढूनच पाहिला नव्हता. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. बुटाच्या वरच्या कडेखाली आधी फिल्मची एक पट्टी लावतो, म्हणजे घासली तर फिल्म घासते. आणि पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी, एरवी महिन्यातून एकदा पेडल काढून बूट उपसतो.

घरगुती उपायांबद्दल एवढंच सांगतो. जुन्या ट्यूबचा तुकडा केबल टायनं बांधणं एखाद्या दिवसाच्या राइडला ठीक आहे, कायमचं नको. आत पाणी आणि वाळू साठते, आणि ट्यूब पारदर्शक नसते. इलेक्ट्रिकल टेप उन्हात चिकट लगदा होते. खोल खाच एम-सीलनं भरून वर काळा रंग मारलेले क्रँकही मी पाहिलेत. त्यानं ताकद कणभरही परत येत नाही, आणि पुढच्या माणसाला तडा दिसत नाही. हे कधीही करू नका.

टवका पडलाच तर

फक्त रंग उडाला असेल आणि धातू नखाला सपाट लागत असेल, तर तो भाग आयपीएनं पुसून काळं किंवा पारदर्शक नेलपॉलिश दोन पातळ हातांत लावा. कोकणात, गोव्यात, समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हे टाळू नये. खाऱ्या हवेत उघडं ॲल्युमिनियम पांढुरक्या भुकटीनं फुलतं, आणि शेजारचा चांगला थरही पापुद्रे धरून सुटू लागतो.

खाच पडून कडेला धातू उचलला गेला असेल तर ती उचललेली कड आधी काढावी लागते. बारीक कानस घ्या आणि क्रँकच्या लांबीच्या दिशेनं चालवा. आडवी कधीच नाही. आडव्या घासण्यानं उरलेल्या रेघा ताणाच्या दिशेला काटकोनात येतात आणि नवीन तड्याला आमंत्रण देतात. मग ४०० चा आणि नंतर ८०० चा वॉटर पेपर पाणी लावून, पुन्हा लांबीच्याच दिशेनं. खाच पूर्ण नाहीशी करण्याच्या नादात धातू कमी करत बसू नका. तिच्या टोकदार कडा आणि तळ गुळगुळीत, उथळ वाटीसारखा झाला की पुरे. त्यावर नेलपॉलिशचा हात. या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्यात ताडून बघता येतं.

खाच किती खोल चालते? मी स्वतः एक मिलिमीटरची रेघ आखून घेतलीय. पेडलच्या भोकाजवळ त्याहून खोल गेलेली खाच असेल तर क्रँक बदलतो. मधल्या भागात उथळ पोचे असतील तर वापरत राहतो, पण दर महिन्याला बघतो. जोराची ठोकर बसल्यावर पाय गोल फिरताना डुगडुग लागत असेल तर आधी दुसरी पेडलं लावून बघा, बरेचदा पेडलचा आस वाकलेला असतो. पेडल बदलूनही डुगडुग तशीच राहिली तर क्रँक वाकलाय. ठोकून सरळ करायला निघालेल्या मिस्त्रीला हात जोडून थांबवा.

कार्बनवर फक्त वरचा पारदर्शक थर निघाला असेल तर पारदर्शक नेलपॉलिशनं तो बंद करा, पाणी आत जायला नको. धागे तुटलेले, उसवलेले दिसत असतील तर घासू नका, चालवूही नका. कार्बनचं काम येणाऱ्या माणसाकडं न्या.

चालवताना

सगळ्यात मोठं संरक्षण तुमच्या पायांत आहे आणि ते फुकट आहे. दगडांच्या पट्ट्यात शिरताना पेडल मारणं थांबवा आणि दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवा. क्रँक असे समांतर असताना त्यांचं टोक बीबीच्याच उंचीवर असतं, म्हणजे जमिनीपासून फूटभर वर. खाली सोडलेल्या पायापेक्षा दुप्पट जागा मिळते. उतारावर हे सोपं जातं. चढावर वेग तुटतो, तिथे पूर्ण फेरा न मारता पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा पुढे असं करत दगड पार करायचा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पण दोन विटा मैदानात आडव्या ठेवून अर्धा तास सराव केला की पाय शिकतात. आडवी पडलेली वीट साधारण साडेसात सेंटीमीटर उंच असते, नवख्याला तेवढी पुरे. एका बाजूला उतरत्या कडेवर चालवताना डोंगराकडचं पेडल वर ठेवा.

सस्पेन्शनमध्ये हवा कमी असेल तर सायकल गरजेपेक्षा खाली दबते आणि ठोकरा वाढतात. शॉक पंप घेऊन वजनाप्रमाणे हवा भरा. एवढं करूनही सारख्या ठोकरा बसत असतील तर पुढच्या वेळी १६५ मिमीचा क्रँक घ्यायचा विचार करा. १७५ च्या तुलनेत सरळ एक सेंटीमीटर जागा वाढते, आणि दगडी वाटांवर तो एक सेंटीमीटर खरोखर जाणवतो.

आणि काही टवके तर सायकल उभी असतानाच पडतात. चहाच्या टपरीवर पेडल कट्ट्यावर टेकवून सायकल उभी करायची सवय अनेकांना असते. कुणाचा धक्का लागला की ती घसरते आणि क्रँकची आतली कड सिमेंटवर खरवडली जाते. सायकल भिंतीला मागच्या चाकानं आणि हँडलनं टेकवा. गाडीतून किंवा रेल्वेच्या लगेज व्हॅनमधून न्यायची असेल तर पेडलं काढा आणि एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानातून मीटरभर आणा. उभा चिरून तो दोन्ही क्रँकवर चढवायचा आणि दोन ठिकाणी मास्किंग टेप मारायची. दोन सायकली एकमेकींना टेकवून ठेवल्या की एकीचा क्रँक दुसरीच्या फ्रेमला भिडतो, तिथे मध्ये गोणपाटाची घडी घाला. पोचल्यावर फोम लगेच काढा, तो पाणी धरून ठेवतो.

पहिल्यांदा हे सगळं करायला एक सकाळ जाईल. पेडलं काढून, क्रँक धुऊन, टॉर्च लावून बघण्यापासून सुरुवात करा. फिल्म आणि बूट पुढच्या रविवारी लावले तरी चालतील.